सिनेमाचं मधलं

त्या थिएटरच्या तिकीट खिडकीपाशी रांग लागली की निम्म्या लोकांचं लक्ष खिडकीकडे आणि निम्म्यांचं बॅटरीमामांकडे असायचं. मामा तिथले डोअरकीपर. तिकीट फाडायचं, उशिरा आलेल्याला अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची आणि सिनेमा संपला की दारं उघडायची, एवढं त्यांचं काम. पगार या कामाचा मिळायचा. मान मात्र मिळायचा तो मतांमुळे. रांगेतल्या कोणी "मामा, कसा आहे?" म्हणायचा अवकाश, की बॅटरी काखेत मारून मामा सुरू.

"हिरोला उभंच राहता येत नाही हो. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा लोंबतो नुसता. पण शेवटी बापाच्या पायाशी बसून रडतो ना, तिथे सगळं भरून काढलंय पठ्ठ्याने. यंदाचं बक्षीस घरी नेणार, लिहून ठेवा."

"आणि हिरॉइन?"

"तिला मास्तरीण केलंय! फळ्यापाशी अशी उभी राहते, की खडूला हात लावला तर नखं मोडतील. कोणी निवडलं तिला? त्याला आधी ओणवा उभा करा वर्गाबाहेर."

लोक हसायचे, तिकीट काढायचे आणि आत जाताना मामांकडून ते फाडून घ्यायचे. शिव्या घातलेल्या सिनेमालाही मामांमुळे गर्दी व्हायची, म्हणून मॅनेजरने त्यांचं तोंड कधी धरलं नाही.

बक्षिसांचं गणित मात्र मामांना काही केल्या जमायचं नाही. दरवर्षी सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा टीव्हीवर दाखवायचे. त्याच्या आधी आठवडाभर मामा आणि मशीनवरचा ऑपरेटर यांची पैज लागायची. हरेल त्याने सगळ्या स्टाफला चहा पाजायचा. स्टाफ इतकी वर्षं मामांचाच चहा पीत आला होता. मामा ज्याच्यावर बोट ठेवायचे तो खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचा आणि ज्याला नाक मुरडायचे तो बाहुली हातात घेऊन आईवडिलांचे आभार मानायचा.

"परीक्षकांना काय कळतंय डोंबल!" मामा दुसऱ्या दिवशी तावातावाने म्हणायचे. "अर्धवट सिनेमा बघतात आणि बक्षिसं वाटून मोकळे होतात!"

हे ऐकलं की कॅन्टीनवाल्या मावशी पदर तोंडाला लावून पाठ फिरवायच्या. त्या का हसतात हे ऑपरेटरला कधी कळलं नाही. मामांना कळायचं, पण ते कळल्यासारखं दाखवायचे नाहीत.

गोष्ट अशी होती, की मामांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नव्हता.

थिएटरात दोन हॉल, एक खाली आणि एक वर, आणि डोअरकीपर एकटे मामा. म्हणून खेळांच्या वेळा पुढेमागे ठेवलेल्या. खालचा सिनेमा सुरू झाला की शेवटचा उशिरा येणारा खुर्चीला लागेपर्यंत मामा आत उभे राहायचे. मग वर पळायचे, कारण वरचा शेवटाला आलेला असायचा आणि दारं उघडायची असायची. तिथला शेवट बघितला, माणसं बाहेर काढली, नवी माणसं आत घेतली, की त्या सिनेमाची सुरुवात. ती झाली की खालचं मध्यंतर. मध्यंतर आटोपून लोक आत गेले की दोन्हीकडे काही काम नसे. तेव्हा मामा कॅन्टीनमध्ये बसून शांतपणे चहा प्यायचे. म्हणजे प्रत्येक सिनेमाचं डोकं आणि शेपूट त्यांच्या वाट्याला आलं होतं आणि मधला सगळा प्राणी चहाच्या कपात बुडाला होता.

याचं त्यांना वाईट वाटायचं असं समजू नका. त्यांनी त्यावर एक तत्त्वज्ञानच तयार केलं होतं. माणूस आत कसा येतो आणि बाहेर कसा जातो, एवढं बघितलं की नट कळतो. मधे काय, सगळे गातात आणि भांडतात. टीव्हीवरच्या मालिकांवर त्यांचा राग होता तो याचमुळे. आई रात्री जेवताना मालिका लावायची आणि मामा ताटावर कुरकुरायचे, "ही सुरू कधी झाली आठवत नाही आणि संपायचं नाव नाही. नुसतं मधलंच!" मालिकेतल्या नटांवर मामांचं काहीच मत नसायचं, आणि मत नसलं की त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

घरात आई आणि मामा दोघंच. वडील गेले तेव्हा मामा मिसरूडही न फुटलेले आणि धाकटी बहीण, छकू, जेमतेम बोलायला लागलेली. आईने शिवणाची मशीन धरली आणि मामांनी बॅटरी. लग्न करायचं राहूनच गेलं, आणि राहून गेल्याचंही पुढे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळची सुट्टी असली की छकूला भरवायचं काम मामांकडे यायचं. पोरगी घासाला तोंड उघडायची नाही. मग मामा सिनेमा सांगायचे. सुरुवात पाहिलेली, शेवट पाहिलेला, पण भात तर मधेच उरलेला असायचा! म्हणून मधलं ते रचायचे. तोंडाला येईल ते. आगगाडी सुटायची, पत्र हरवायचं, मुलगी रस्ता चुकायची. आणि गोष्ट अगदीच अडली, पुढे काही सुचेना झालं, की मामांची एक ठरलेली युक्ती होती. कुठून तरी एक भला माणूस यायचा, दमलेल्याला स्टूल द्यायचा, प्यायला पाणी द्यायचा आणि विचारायचा, "बरोबर कोणी आहे का तुमच्या?" तेवढ्यात मामांना पुढचं सुचायचं.

स्टूल त्यांना सुचायचं कारण ते त्यांच्याकडे खरंच होतं, दारामागे, स्वतःला टेकायला ठेवलेलं. हाउसफुल्लला एखादी म्हातारी आली की ते तिला मिळायचं आणि मामा भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

छकू डोळे विस्फारून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तेच आईच्या मशीनसमोर करून दाखवायची. करता करता एवढी मोठी झाली, की एक दिवस बॅग भरून सिनेमे जिथे बनतात त्या शहरात गेली. आईने महिनाभर अबोला धरला. मामांनी मात्र थिएटरभर सांगितलं, "बघाल, आत कशी येते ती!"

पण ती आत येईना. पहिल्या सिनेमात पार्टीत होती. तो प्रसंगच कापला. दुसऱ्यात नवरीची मैत्रीण होती. डबिंगला स्वतःचा आवाजही देऊन आली होती. सिनेमात, अगदी शेवटी, आलं तिचं कोपर. मामांनी तो शेवटचा प्रसंग रोज बघितला आणि रोज ते कोपर नव्याने ओळखलं. आई म्हणाली, "कोपर छान आलंय हो," आणि त्यावर कोणी हसलं नाही.

तिसऱ्या सिनेमाच्या आधी छकूचा फोन आला. आवाज दमलेला होता. "दादा, छोटंसंच काम आहे, पण बोलायचं आहे. या वेळी सिनेमात राहिले तर राहिले. नाहीतर एका विमा ऑफिसात जागा आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत हो म्हणायचंय. मला बोलावून कोणी दाखवणार नाही, आणि पुन्हा तिकीट काढून अंधारात स्वतःचं कोपर शोधत बसायची माझ्यात ताकद नाही. तू बघ आणि मला सांग. तू सांगशील ते मी खरं धरेन."

सिनेमा खालच्या हॉलला लागला. मामांनी पहिल्या दिवशी सगळ्या खेळांची सुरुवात डोळ्यांत तेल घालून पाहिली. छकू नव्हती. सगळ्या खेळांचा शेवट पाहिला. छकू नव्हती. नावांची यादी तर इतकी भरभर पळते, की त्यात देवाचं नाव असलं तरी दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिला सांगायचं कसं, याच विचारात त्यांना सुरुवात आणि शेवट यांच्या मधेही काहीतरी असतं याची आठवण झाली नाही. इतक्या वर्षांत ती सवयच मोडली होती.

दोन रात्री विचार करून त्यांनी फोन केला. "छकू, कापलं गं तुला."

ती म्हणाली, "बरं. कोपरसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं." आणि मग हसण्याचा प्रयत्न करत, "विम्याचं काम वाईट नसतं दादा. पंखा आहे, खुर्ची आहे."

आईलाही मामांनी तेच सांगितलं आणि वर बजावलं, की त्या सिनेमाला जायचं नाही, उगाच जिवाला लागेल. आईने शिवण बाजूला ठेवलं नाही. फक्त मशीन जरा जास्त जोरात चालायला लागली. मामा थिएटरात आले, रांगेतल्या कोणी विचारलं, "मामा, कसा आहे?" आणि पहिल्यांदाच ते म्हणाले, "बघा तुम्हीच."

बुधवारी दुपारी मामा कॅन्टीनमध्ये चहा घेत बसले होते. मावशी ऑपरेटरला चहा देऊन वरून आल्या, त्या डोळे पुसतच.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तुमच्या बहिणीने रडवलं. मेल्या त्या मशीनच्या खोलीच्या भोकातून बघत होते. किती शांत बोलते हो पोरगी!"

मामांचा कप बशीवर आपटला. "माझी बहीण? या सिनेमात?"

"मग? दवाखान्यातल्या खिडकीवरची. नाक तर तुमचंच लावलंय तिला."

"ती कापली आहे मावशी! मी स्वतः बघितलंय, रोज बघतोय!"

मावशींनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. बाई मनाने फार चांगली, इतक्या वर्षांत तिने हे बोलून दाखवलं नव्हतं, आणि आताही दबक्या आवाजातच म्हणाली, "मामा, तुम्ही काय बघता ते मला माहीत आहे. मधलं सुरू असताना रोज तुम्हाला चहा कोण देतं?"

मामा हॉलकडे धावत सुटले. पण तोवर तो प्रसंग होऊन गेला होता. पुढच्या खेळाला त्यांनी मध्यंतरानंतर बाहेर यायचंच टाळलं. वरच्या हॉलची माणसं मध्यंतरातही वरच्या हॉलातच अडकून राहिली. मामा खाली, दाराच्या आत, अंधारात उभे.

हिरॉइन धावत दवाखान्यात आली. तिच्या बापाला तिथे आणलेलं असतं. खिडकीमागे एक मुलगी बसलेली. हिरॉइनने बापाचं नाव सांगितलं. खिडकीतल्या मुलीने समोरच्या कागदावर बोट फिरवलं, बोट एका जागी थांबलं, आणि तिने वर बघितलंच नाही पटकन. मग बघितलं. ती छकू होती.

ती काही सांगत नाही. ती खिडकीमागून उठते, आपलं स्टूल उचलते, दाराने बाहेर येते, हातातलं स्टूल हिरॉइनच्या जवळ ठेवते आणि विचारते, "बरोबर कोणी आहे का तुमच्या?"

बस्स, एवढंच. हिरॉइन खाली बसते आणि हॉलभर कोणी खोकत नाही.

मामा कधी चालत चालत पुढे रांगांच्या मधे जाऊन उभे राहिले हे त्यांनाच कळलं नाही. हातातली बॅटरी पेटलेली, उजेड भलतीकडेच, आणि मागून लोक ओरडत होते, "अहो बसा ना खाली! दिसत नाही!" जन्मभर जे वाक्य त्यांनी लोकांना ऐकवलं ते आज लोक त्यांना ऐकवत होते. मामा खाली बसले, तिथेच, वाटेत, जमिनीवर. त्यांना रडू येत होतं आणि ते आनंदाचं होतं की लाजेचं हे काही त्यांना ठरवता येईना.

त्यांनी छकूला फोन लावला. बंद. रात्री लावला, बंद. सकाळी लावला, बंद. गुरुवार उजाडला होता. सिनेमाचा हा शेवटचा दिवस, आणि उद्या शुक्रवार.

"आई, लुगडं बदल," मामा म्हणाले. "सिनेमाला जायचंय."

"कुठल्या?"

"छकूच्या. ती आहे त्यात. मी चुकलो."

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "तू तर रोज बघतोस म्हणालास."

"बघत नव्हतो. चल, रस्त्यात सांगतो."

आईचे गुडघे फार वेळ दुमडत नाहीत, म्हणून तिला मध्यंतरानंतरच आत नेलं आणि कडेच्या खुर्चीवर बसवलं. मॅनेजर कपाळाला आठ्या घालून आला, आईकडे बघितलं आणि मामांच्या हातातली बॅटरी स्वतः घेऊन वर गेला. मामा आईशेजारी वाकून उभे राहिले. खिडकी आली. छकू आली. स्टूल पुढे झालं, प्रश्न विचारला गेला, हिरॉइन बसली. प्रसंग संपला, पुढचा लागला, आणि आई खुर्चीचे हात धरून उठायला लागली.

"अगं, सिनेमा अजून बाकी आहे."

"त्यात ती आहे?"

"नाही."

"मग काय बघायचंय? चल."

बाहेर मोकळ्या जागेत मामांनी दारामागचं स्टूल आणलं आणि आईला बसवलं. मावशींनी न सांगता पाणी आणलं. आईने एक घोट घेतला आणि जाहीर केलं, "बक्षीस हिला मिळायला हवं. ती दुसरी नुसतीच पळते."

मामांनी पुन्हा फोन लावला. या वेळी घंटी वाजली.

"दादा, चार्जर बिघडला होता. मी उद्याची तयारी करतेय, नंतर..."

"छकू, तू आहेस. सिनेमात आहेस. खिडकीत. मी आत्ता बघून आलो, आईनेही बघितलं."

"दादा, प्लीज, माझं मन राखायला म्हणून..."

"स्टूल देतेस तू तिला."

ती हळूच म्हणाली, "ते राहिलं? ते कागदावर नव्हतंच. दिग्दर्शक म्हणाले, तुला काय करावंसं वाटतं ते कर. मला तुझे सिनेमे आठवले. तू लहानपणी सांगायचास ना, त्या सगळ्यांत कोणीतरी स्टूल द्यायचंच. मला वाटलं, एवढ्या सिनेमांत असतं, तर बरोबरच असणार."

मामा भिंतीला टेकले. आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नव्हतं.

"छकू, ऐक. कुठल्याही सिनेमात स्टूल नव्हतं. मी मधलं कधी बघितलेलंच नाही. एकाही सिनेमाचं नाही. मला दोन हॉल सांभाळायचे असतात, मी फक्त सुरुवात आणि शेवट बघतो. म्हणूनच तू मला दिसली नाहीस. कापलं म्हणालो ते मी न बघता म्हणालो. आणि तुला जे सांगायचो ते मधलं सगळं माझ्या मनाचं. तू जेवावंस म्हणून."

रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी कान टवकारले होते. जन्मभराची अब्रू त्यांच्यासमोर सांडली होती, पण मामांना आज त्याचं काही नव्हतं.

"म्हणजे आगगाडी?" छकूने विचारलं.

"माझीच."

"ती रस्ता चुकलेली मुलगी?"

"तीही."

"मी इथे आल्यावर ते सगळे सिनेमे शोधून शोधून बघितले दादा. एकातही ती सापडली नाही. मला वाटलं, कापून लावतात की काय टीव्हीवर." ती हसत होती, आणि मग हसता हसता तिचा आवाज फुटला. "अरे, मधलंच तर चांगलं असायचं."

मामांनी फोन आईकडे दिला. आईने तो दोन्ही हातांनी धरला आणि नेहमीसारखं ओरडून विचारलं, "उद्या जाणार आहेस का त्या विमावाल्यांकडे?"

पलीकडचं उत्तर मामांना ऐकू आलं नाही. आईने मान हलवली, दोनदा हलवली आणि फोन परत दिला.

"नाही म्हणते," आई म्हणाली. "आणि विचारते, पुन्हा मधलं कधी सांगशील?"

आत सिनेमा संपला होता. हॉलची दारं बंदच होती आणि आतून लोक ती धडाधडा ठोठावत होते. मामा धावले, दारं उघडली. माणसं बाहेर पडू लागली. रांगेतल्या एकाने, सगळं ऐकूनसुद्धा, सवयीने विचारलंच, "मामा, कसा आहे?"

"शेवट नाही बघितला मी आज," मामा डोळे पुसत म्हणाले. "पण मध्यंतरानंतर बाहेर येऊ नका."